फुटकळ वेळाची उजळणी : नोकरी करीत शिकणाऱ्याच्या नजरेतून ‘अंकी’

‘अंकी’ हा उजळणीचा प्रोग्राम मी गेली पाच सत्रे वापरीत आहे आणि या पाचही सत्रांत पूर्णवेळ महाविद्यालय सांभाळून आठवड्याला साधारण वीस तास एका मोठ्या दुकानाच्या बिलिंग काउंटरवर काम करीत आहे. ज्यांना दिवसाचे सहा-सात तास सलग अभ्यासाला मिळतात त्यांना हा प्रोग्राम कसा वाटतो, हे इतरत्र पुष्कळ वाचायला मिळते. महाविद्यालयातले तास संपवून थेट कामाच्या पाळीवर जाणाऱ्याला आणि रात्री उशिरा घरी येणाऱ्याला तो कितपत उपयोगी पडतो, एवढाच प्रश्न मी येथे विचारात घेतला आहे.

आधी वेळेचा हिशेब मांडते, कारण त्यावाचून या परीक्षणाला अर्थ नाही. युरोपातील विद्यापीठांच्या श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे धरले जाते आणि एका श्रेयांकाला व्याख्याने, प्रात्यक्षिके व घरचा अभ्यास मिळून २५ ते ३० तास लागतील असे गृहीत असते. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. ते चाळीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेसदतीस ते पंचेचाळीस तास होतात. आपले विद्यापीठ कोठलेही असो, पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे ओझे याच्या आसपासच असते. त्यात वीस तासांची नोकरी मिळवली की आठवडा साठ तासांच्या घरात जातो. कागदावर हे जमण्यासारखे दिसते, आणि पहिल्या सत्रात मीही तसेच समजून चालले होते. प्रत्यक्षात तासांची एकूण बेरीज फारशी आड येत नाही. आड येते ती त्यांची फाटाफूट. दुपारचा शेवटचा तास आणि पाळीची सुरुवात यांच्यामध्ये पन्नास मिनिटे असतात, त्यांतली पस्तीस प्रवासात जातात. पाळीच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटांची सुटी असते. रात्री घरी आल्यावर तासभर हाताशी असतो, पण त्या वेळी डोके जाड पुस्तक उघडायला तयार नसते. असे आठवड्याचे सात-आठ तास सहज जमतात आणि तितक्याच सहज वाया जातात. ‘अंकी’चा संबंध या फुटकळ वेळाशी आहे.

नावावरून मराठी वाचकाला तीन अंकी नाटकाची आठवण होईल, पण हा शब्द जपानी आहे आणि त्याचा अर्थ पाठांतर. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली जपानी भाषा शिकण्याच्या गरजेतून हा प्रोग्राम तयार केला. त्याची कल्पना अगदी साधी आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर. प्रश्न पाहून उत्तर मनात म्हणायचे, मग कार्ड उलटायचे आणि ‘पुन्हा’, ‘कठीण’, ‘बरोबर’, ‘सोपे’ अशा अर्थाच्या चार बटणांपैकी एक दाबायचे. त्या उत्तरावरून ते कार्ड पुन्हा केव्हा समोर आणायचे हे प्रोग्राम ठरवितो. मूळच्या मांडणीत नवे कार्ड दहा मिनिटांनी, मग दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर प्रत्येक बरोबर उत्तरागणिक सुमारे अडीच पट अंतराने येते. चुकले तर अंतर पुन्हा जवळजवळ पहिल्या पायरीवर येते. हे गणित पोलंडचे संशोधक पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ साली मांडलेल्या रीतीवर बेतलेले आहे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या २३.१० या आवृत्तीपासून ‘एफएसआरएस’ नावाचे नवे गणितही त्यात उपलब्ध झाले; त्याविषयी पुढे सांगते.

असे अंतर ठेवून केलेल्या उजळणीमागचा विचार जुना आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. तीच यादी नव्याने पाठ करताना आधीच्या श्रमांची किती बचत होते हे ते मोजीत. ती बचत एका तासानंतर ४४ टक्के आणि एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के उरत असे. याहून माझ्या उपयोगाचा ठरला तो रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग. एका गटाने एक उतारा पुन:पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले, वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के राहिले आणि आठवणाऱ्यांच्या ६१. दमून घरी आल्यावर मी जे करीत असे ते म्हणजे वहीतल्या रंगवलेल्या ओळींवरून पुन्हा डोळे फिरविणे. त्याने अभ्यास झाल्याचे समाधान मिळत असे आणि आठवड्याने पाटी बरीचशी कोरी होत असे. ज्याच्याजवळ वेळ भरपूर आहे त्याला ही उधळपट्टी कदाचित परवडेल.

पाळीवर हा प्रोग्राम कसा वागतो, हा माझ्या दृष्टीने कळीचा भाग आहे. फोनवर एकदा कार्डे घेतली की नेटवर्क लागत नाही, त्यामुळे दुकानाच्या मागच्या खोलीत, जेथे फोनची रेघ दिसत नाही, तेथेही उजळणी होते. नंतर नेटवर्क मिळाले की ‘अंकीवेब’च्या मोफत सेवेतून फोन आणि संगणक यांचा मेळ बसतो. कोठेही थांबता येते, हे दुसरे. धडा वाचताना दहाव्या मिनिटाला उठावे लागले तर पुन्हा बसल्यावर धागा शोधण्यात पाच मिनिटे जातात. कार्ड मात्र आठ-दहा सेकंदांत संपते आणि उठून जाताना मागे काही अर्धवट राहत नाही. सेटिंगमध्ये ठरावीक मिनिटांनी सूचना देण्याची सोय आहे. ती मी आठ मिनिटांवर ठेवली आहे, म्हणजे दहा मिनिटांच्या सुटीतली दोन मिनिटे हातपाय मोकळे करायला उरतात. सुटीचा प्रत्येक क्षण कार्डांना देण्याचा प्रयोग मी महिनाभर केला होता आणि त्या महिन्यात काउंटरवर सुट्या पैशांचा हिशेब दोनदा चुकला.

याहून लहान, पण मला फार आवडलेली गोष्ट अशी की ‘अंकी’चा दिवस मध्यरात्री संपत नाही, पहाटे चार वाजता संपतो. रात्रीची पाळी करून साडेबाराला घरी आलेल्या माणसाचा मंगळवार अजून संपलेला नसतो, हे या प्रोग्रामला मुळातच ठाऊक आहे. रात्री एक वाजता केलेली कार्डे आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतात. ज्यांची पाळी पहाटेपर्यंत चालते त्यांना ही वेळ बदलूनही घेता येते. दिवसाची मर्यादा घड्याळावरून न ठरविता झोपेवरून ठरविण्याचे हे शहाणपण आमच्या महाविद्यालयाच्या सबमिशनच्या व्यवस्थेत असते तर माझे दोन अहवाल उशिराचे ठरले नसते.

आता खर्चाची बाजू. कार्डे तपासायला फुटकळ वेळ पुरतो, पण कार्डे तयार करायला पुरत नाही. चांगले कार्ड लिहायला विषय आधी समजलेला असावा लागतो, आणि समजण्यासाठी सलग वेळच लागतो. माझा विषय शरीरक्रियाशास्त्र. पहिल्या सत्रात मी व्याख्यानाच्या स्लाइडवरील मजकूर उचलून जसाच्या तसा कार्डांवर टाकीत गेले. ‘यकृताची कार्ये सांगा’ असे एक कार्ड होते आणि त्यामागे अकरा मुद्दे. ते कार्ड दरवेळी चुके, कारण अकरांपैकी एखादा मुद्दा राहूनच जाई. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर प्रोग्राम ‘जळू’ अशी खूण करतो आणि सेटिंगमध्ये तसे ठरवून दिले तर ते बाजूलाही काढतो. इंग्रजीतही त्याला जळू याच अर्थाचा शब्द आहे आणि तो फार नेमका आहे, कारण अशी कार्डे खरोखरच वेळ शोषून घेतात. त्या सत्राच्या शेवटी माझ्याकडे सत्तरच्या वर जळवा होत्या. आता मी लिहिते ते कार्ड असे असते : ‘गाळलेल्या द्रवातील बहुतेक सर्व ग्लुकोज नेफ्रॉनच्या कोणत्या भागात परत शोषले जाते?’ उत्तर एकच, निकटस्थ नलिकेत. आकृतीचा एकेक भाग झाकून त्याचे नाव विचारण्याची सोयही २३.१० पासून मूळ प्रोग्राममध्येच आहे, आणि शरीराच्या रचनेसाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही. कार्डे लिहिण्याचे काम मी रविवारी सकाळी दोन तास आणि ज्या दिवशी पाळी नसते त्या दिवशी एक तास असे बांधून घेतले आहे. इतरांनी तयार केलेले गठ्ठे मिळतात, आणि वेळ नसलेल्या माणसाला त्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण आपल्या अभ्यासक्रमात नसलेली चारशे कार्डे वगळत बसण्यापेक्षा आपली दीडशे लिहिणे स्वस्त पडते, असा माझा अनुभव आहे. परदेशी भाषेचा शब्दसंग्रह हा त्याला अपवाद.

‘अंकी’चा सर्वांत मोठा दोष, किंवा दोष म्हणण्यापेक्षा त्याचा स्वभाव, माझ्यासारख्याला विशेष बोचतो. हा प्रोग्राम रोजचा हप्ता मागतो. सुरुवातीला दिवसाला वीस नवी कार्डे अशी मर्यादा घातलेली असते आणि वीस हा आकडा निरुपद्रवी वाटतो. पण आज घेतलेली वीस कार्डे उद्या, परवा आणि आठवड्याने परत येतात, त्यांच्या जोडीला उद्याची वीस असतात, आणि काही आठवड्यांत रोजची उजळणी नव्या कार्डांच्या सात-आठ पट, कधी दहा पटही होते. रोज वीस नवी घेणाऱ्याने रोज दीडशे ते दोनशे कार्डांची तयारी ठेवावी. माझा वेग कार्डाला सरासरी आठ सेकंदांचा आहे, म्हणजे दीडशे कार्डांना वीस मिनिटे. ही रक्कम सुसह्य आहे. मी मात्र दुसऱ्या सत्रात उत्साहाच्या भरात रोज चाळीस नवी कार्डे घेत होते.

त्याच सत्रात दुकानातील मालाची वर्षाची मोजणी आली. सहा दिवस पाळी लांबली, मधल्या सुट्या गेल्या, तास बुडाले नाहीत एवढेच. सातव्या दिवशी प्रोग्राम उघडला तेव्हा ८४० कार्डे थकली होती. हा आकडा पाहून मी तो बंद केला आणि पुढचे चार दिवस उघडलाच नाही, त्यामुळे थकबाकी आणखी वाढली. कार्डे जमली ती माझ्याच हावेमुळे, पण नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याची कोंडी यात नीट दिसते : ज्या आठवड्यात हप्ता भरण्याची ऐपत सर्वांत कमी असते, त्याच आठवड्याचे देणे सर्वांत चढते. दिवसभर अभ्यास करणाऱ्यालाही असा एखादा आठवडा येतो, परंतु त्याच्याकडे पुढचा शनिवार मोकळा असतो.

यातून मार्ग निघतो आणि तो मला उशिरा कळला. नवी कार्डे थकबाकी फिटेपर्यंत शून्यावर आणायची. रोजच्या उजळणीला स्वतःच मर्यादा घालायची, म्हणजे पडद्यावर ८४० ऐवजी २०० हा आकडा दिसतो. मनाला हा फरक मोठा असतो. उरलेली उद्यावर जातात आणि त्याने आकाश कोसळत नाही. एक गोष्ट या प्रोग्रामच्या बाजूने सांगितलीच पाहिजे : उशिरा तपासलेले कार्ड तरीही बरोबर आले तर तो झालेला उशीर हिशेबात धरतो आणि पुढचे अंतर त्या प्रमाणात वाढवून देतो. म्हणजे दंड फक्त विसरण्याचा आहे, उशिराचा नाही. ८४० पैकी निम्म्याहून अधिक कार्डे मला आठवत होती, आणि ती बरीच लांब निघून गेली. थकबाकी आठ दिवसांत फिटली.

‘एफएसआरएस’ हे नवे गणितही याच कारणासाठी सुरू करून घ्यावे. ते आपल्या आजवरच्या उत्तरांवरून आपला विसरण्याचा वेग ताडते आणि किती टक्के लक्षात ठेवायचे हे आपल्यालाच विचारते. मूळ आकडा ९० टक्के असतो. कामाचा ताण असलेल्या सत्रात मी तो ८५ वर आणला आणि रोजची कार्डे ठळकपणे कमी झाली. शंभरातील पाच जास्तीची कार्डे विसरण्याची तयारी दाखवून झोपेची वीस मिनिटे परत मिळत असतील तर तो सौदा मी केव्हाही करीन. ९५ च्या पुढे जाण्याच्या फंदात मात्र नोकरी करणाऱ्याने पडू नये, तेथे कार्डांची संख्या भराभर चढते.

जे काम हा प्रोग्राम करीत नाही, त्याविषयी गैरसमज नसावा. मज्जापेशीचा विश्रांतीचा विभव, म्हणजे ती शांत असताना तिच्या आत व बाहेर असलेला विद्युत्दाबाचा फरक, सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो, हे कार्ड मी सात महिने एकदाही चुकले नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, की पेशीबाहेरील पोटॅशियम वाढले तर या आकड्याचे काय होईल. मी गप्प. पोटॅशियम बाहेर पडण्याचा उतार कमी होतो आणि विभव शून्याकडे सरकतो, हे उत्तर पाठ करण्याचे नव्हतेच. आकृती काढून, आयनांची ये-जा समजून घेऊन ते यायला हवे होते. त्यासाठी लागणारे दोन सलग तास मी कार्डांच्या भरवशावर सोडून दिले होते. उदाहरणे सोडविणे, प्रात्यक्षिकाचा अहवाल, दीर्घ उत्तराची मांडणी, यांपैकी काहीही काउंटरमागच्या सुटीत होत नाही. पाठांतराचा भाग फुटकळ वेळात ढकलून सलग वेळ या कामांसाठी मोकळा करणे, एवढाच ‘अंकी’चा खरा उपयोग आहे, मोकळा झालेला वेळ आणखी कार्डांनी भरला तर हाती काही लागत नाही. त्या तोंडी परीक्षेनंतर दर आठवड्याचे दोन तीन-तासी तुकडे मी पाळीच्या वेळापत्रकातून आधीच काढून घेऊ लागले. परीक्षांच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच पर्यवेक्षकांना लेखी दिल्या तर हे बहुधा मिळते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तोंडी मागितले तर मिळत नाही. ही अक्कल कोणताही प्रोग्राम देत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर हा प्रोग्राम मोफत आहे आणि त्याची संगणकीय संहिता खुली आहे. अँड्रॉइडवरील ‘अंकीड्रॉइड’ वेगळे स्वयंसेवक चालवितात आणि तेही मोफत आहे. आयफोनवरील अधिकृत आवृत्ती मात्र विकत घ्यावी लागते, आणि ज्याचा पगार शुल्कातच जातो त्याने हे आधी लक्षात घ्यावे. आयफोनच्या ब्राउझरमधून ‘अंकीवेब’वर विनामूल्य उजळणी करता येते, पण तिला नेटवर्क लागते, म्हणजे मागच्या खोलीत तिचा उपयोग नाही. मिळत्याजुळत्या नावांची, या प्रोग्रामशी संबंध नसलेली ॲपेही आहेत, तेव्हा उतरवून घेण्यापूर्वी नाव नीट पाहावे. देवनागरी कार्डे विनातक्रार चालतात. दिसायला प्रोग्राम रुक्ष आहे, सेटिंगचे पान पहिल्यांदा पाहणारा दचकतो, आणि पहिला आठवडा नुसता समजून घेण्यात जातो. तो आठवडा सत्राच्या मध्यावर काढू नये, सुटीत काढावा. आकडेवारीचे पान सुंदर आहे, थोडे अधिकच. सलग किती दिवस उजळणी केली याचा तक्ता पाहण्याच्या नादात मी एकदा ताप असताना रात्री दोनला कार्डे तपासली होती.

ज्यांच्या विषयात नावे, संज्ञा, रचना, कलमे, शब्दसंग्रह असे लक्षात ठेवण्याचे पुष्कळ आहे आणि ज्यांचा दिवस तुकड्यांत विभागलेला आहे, त्यांना मी हा प्रोग्राम निःशंकपणे सुचवीन; सुरुवात रोज आठ ते दहा नव्या कार्डांनी करावी आणि पहिले सत्र संपेपर्यंत तो आकडा वाढवू नये. गणिताच्या किंवा साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यातून मिळणारे थोडे आहे आणि त्यासाठी रोजचा हप्ता अंगावर घेणे मला योग्य वाटत नाही. ज्यांची नोकरी आठवड्याला तीस तासांच्या पुढे गेली आहे, त्यांनी कार्डे लिहायला सलग तीन तास कोठून निघतील ते आधी वेळापत्रकावर शोधावे, आणि ते सापडले नाहीत तर हा प्रोग्राम तूर्त उतरवून घेऊ नये. माझे स्वतःचे म्हणाल तर सध्या रोज बारा नवी कार्डे, ८५ टक्के, आठ मिनिटांची सूचना आणि रविवारची सकाळ, असे चालले आहे. पुढच्या महिन्यात मालाची मोजणी पुन्हा आहे, आणि त्याच्या आधीचा आठवडा मी नवी कार्डे शून्यावर ठेवणार आहे.